प्रश्न स्वीकारले जातील

आमच्या लेकीला एक प्रश्न पडावा म्हणून घरादारानं जेवढ्या खटपटी केल्या, तेवढ्या मी स्वतःची नोकरी मिळवतानाही केल्या नव्हत्या.

झालं असं की त्या विद्यापीठाकडून मुलाखतीचं पत्र आलं. पत्र छोटंसं होतं. तारीख, वेळ, खोली आणि खाली ठळक अक्षरांत दोन वाक्यं: ‘अर्जदाराने येताना एक प्रश्न सोबत आणावा. प्रश्नाचे उत्तर अर्जदारास ठाऊक नसावे.’ मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. छपाईची चूक असेल असं वाटून पत्र उजेडात धरूनही पाहिलं.

मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात हेडक्लार्क आहे. लोक आम्हाला पत्रं लिहितात आणि मी त्यांना उत्तरं लिहितो. छप्पर कोसळलं तरी पैसे का मिळाले नाहीत, असं कुणी विचारलं की ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की’ इथून सुरुवात करून मी त्या माणसाला अशा ठिकाणी नेऊन सोडतो की तो पुन्हा म्हणून पत्र लिहीत नाही. उत्तर ठाऊक नसणं ही आमच्या कचेरीत बिनपगारी रजेची बाब आहे. आणि इथे एक अख्खं विद्यापीठ, तेही एवढं नावाजलेलं, ठाऊक नसलेलंच घेऊन या म्हणत होतं.

त्या विद्यापीठाबद्दल थोडं सांगायला हवं. तिथे ढिगानं अर्ज येतात आणि एका बसमध्ये मावतील एवढीच मुलं घेतात, तीही बसून, उभ्यानं नाही. गुण मात्र बघत नाहीत. म्हणून तर आम्ही अर्ज केला. आमच्या लेकीचे गुण आमच्या घरात मोठ्यानं कुणी उच्चारत नाही. मुलगी मठ्ठ आहे म्हणावं तर तसंही नाही. परीक्षेत पहिलाच प्रश्न तिला इतका आवडायचा की त्याचा विचार करता करता घंटा व्हायची. बाकीचे प्रश्न कोरेच राहायचे.

तिच्या मामानं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं, तिच्यासाठी फरशीच्या दुकानात जागा ठेवली होती. “भावोजी, गल्ल्यावर बसेल, पंख्याखाली. तिला काय कमी आहे?” हा माणूस वाईट नाही, पण गोष्ट ठरवली की ठरवली. मुलाखतीत नाही म्हणाले तर पुढच्याच सोमवारपासून ती दुकानात जायची, असं ठरून चुकलं होतं. लेकीनं आजवर साध्या चपलांसाठीसुद्धा हट्ट धरला नव्हता. ती त्या दिवशी पत्र हातात घेऊन एवढंच म्हणाली, “बाबा, मला तिथंच जायचंय.”

“मग पडू दे एखादा प्रश्न,” मी म्हणालो.

“पडतात हो. पण हा माझा, असा कुठला, ते कळत नाही.”

आता मुलीला प्रश्न सुचत नाही म्हटल्यावर बापानं हातावर हात ठेवून बसायचं का? मी आधी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना गाठलं. त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “विश्वाचा आरंभ कधी झाला?” मी धावत खाली आलो आणि तो प्रश्न गरमागरम लेकीच्या हातात ठेवला. ती म्हणाली, “हा सगळ्यांचा आहे, बाबा.” मी पुन्हा वर गेलो. हेडमास्तरांनी ‘माणूस म्हणजे काय?’ दिला. तोही परत आला. तिसऱ्या खेपेला मास्तरांनी दार किलकिलं करून “शिल्लक नाही” म्हणून सांगितलं.

मग कुणीतरी बाजारातल्या क्लासचा पत्ता दिला. दारावर पाटी होती, ‘हमखास न सुटणारे प्रश्न’. आतल्या गृहस्थांनी एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. मी चाळून पाहिलं तर शेवटच्या पानांवर सगळ्या प्रश्नांची उत्तरं छापलेली. मी म्हणालो, “अहो, पण हे न सुटणारे ना?” तर गृहस्थ म्हणाले, “पालक मागतात हो. उत्तरं नसली तर पुस्तक खपत नाही.” मला त्या पालकांचा राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मीसुद्धा आधी मागचीच पानं उघडली होती.

शेवटी मी कचेरीतली विद्या बाहेर काढली. एका माणसाला सुचत नसेल तर दहा माणसांकडून मागवावं. खाली जिन्याशी सूचनांचा फळा असतो. तिथे मी माझ्या वळणदार अक्षरात कागद लावला: ‘दुसऱ्या मजल्यावर आमच्या राहत्या घरी रोज सायंकाळी सहा ते आठ प्रश्न स्वीकारले जातील. प्रश्न खरा असावा. योग्य प्रश्नांचा विचार केला जाईल.’ मसुदा निर्दोष होता. आजही मला त्यात बदलण्यासारखं काही दिसत नाही.

सहाच्या ठोक्याला समोरच्या काकू आल्या. खुर्चीत बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, “भाऊ, माझा बाल्कनीचा प्रश्न आहे.”

मी वही उघडली. “सांगा.”

“वरची बाई झाडांना पाणी घालते आणि सगळं माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. कालची पांढरी चादर, मातीचे ओघळ. सांगायला गेलं तर म्हणते, झाडांना काय कळतं.”

मी वही मिटली. काकूंना समजावून सांगणार होतो की मला अभिप्रेत असलेला प्रश्न तो हा नव्हे. पण काकू एवढ्या तळमळीनं सांगत होत्या, आणि मला तर उत्तर येत होतं! उत्तर येत असताना गप्प बसणं मला या जन्मी जमायचं नाही. “काकू, याला तीन उपाय आहेत,” मी सुरुवात केली. “एक म्हणजे वरच्या कुंड्यांखाली ताटल्या. दुसरा…”

“बरं, बघा तुम्ही,” म्हणून काकू उठल्या आणि गेल्या. मी तिसऱ्या उपायावर पोचलो तेव्हा बायको आतून म्हणाली, “अहो, कुणाला सांगताय? त्या केव्हाच गेल्या.”

त्यांच्या पाठोपाठ दातांचे डॉक्टर आले. त्यांचा मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता. “दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण बोलतो मी एकटाच,” डॉक्टर म्हणाले. “घरी यावं तर मुलगा तोंडच उघडत नाही.” मी म्हणालो, “डॉक्टर, वयात आलेल्या मुलांचं असं असतं की…” डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला, जोरात हलवला आणि निघून गेले.

“तुम्ही प्रश्न म्हणालात,” बायको म्हणाली. “लोकांना आपापले प्रश्न आठवले. पाण्याचा, जागेचा, मुलाचा. तुम्हाला शंका म्हणायचं होतं, कोडं म्हणायचं होतं. आता भोगा.”

मी कागद काढायला खाली गेलो, तर तिथे शेजारच्या इमारतीतली दोन माणसं तो वाचत उभी होती. “हे तुम्हीच का?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. हे म्हणायला नको होतं. पण कुणीतरी आपल्याला ‘हे तुम्हीच का’ असं आदरानं विचारावं, असा प्रसंग हेडक्लार्कच्या आयुष्यात कितीदा येतो?

पुढचे दिवस आमची बैठकीची खोली म्हणजे दवाखान्याची बाहेरची खोली झाली. खुर्च्या कमी पडल्या म्हणून स्वयंपाकघरातली स्टुलं बाहेर आली. चहाचं आधण उतरेना. ज्या मुलीसाठी हे सगळं चाललं होतं ती दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे टक लावून बघत असे. मी तिला म्हणायचो, “अगं, यातला एखादा उचल की!” ती म्हणायची, “थांबा बाबा, बघतेय.”

चौथ्या की पाचव्या दिवशी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आले. चेहरा लालबुंद. “समांतर कमिटी चालवताय म्हणे?”

मी मनापासून दुखावलो. “साहेब, माझ्या मुलीच्या प्रवेशासाठी…”

“प्रवेशासाठी लिफ्टचे प्रश्न लागतात? लिफ्ट माझ्याकडे आहे!” असं गरजून ते खुर्चीत बसले. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “बसलोच आहे तर सांगतो. माझाही एक आहे. गेली कित्येक वर्षं मी राजीनामा देतोय. कुणी घेतच नाही. आणि शिव्या मात्र रोज घेतो मी.” मी राजीनाम्याचा योग्य मसुदा कसा असावा हे सांगायला तोंड उघडलं आणि सेक्रेटरी रुमालानं नाक पुसत, “चला, कामं पडलीत,” म्हणून चालते झाले. जाताना लेकीच्या डोक्यावर टपली मारून गेले. आले तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

इतक्यात विद्यापीठाचं दुसरं पत्र आलं: ‘प्रश्न अर्जदाराचा स्वतःचा असल्याचा दाखला जोडावा.’ मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिथल्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता हात पुढे केला. “दाखला?”

“तोच कुठे मिळतो ते विचारायला आलोय. कोण देतं?”

“तो तुमचा प्रश्न आहे.”

समव्यवसायी माणसाचं हे उत्तर ऐकून मी क्षणभर भारावून गेलो. इतकं आटोपशीर मलाही कधी जमलेलं नाही. आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. “मग तसं लिहून द्या की,” मी म्हणालो.

“काय लिहून देऊ?”

“हेच. की प्रश्न आमचा आहे.”

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. मागे रांग लांबली होती आणि जेवणाची सुट्टी जवळ आली होती. त्यानं कागद ओढला आणि लिहिलं: ‘सदर प्रश्न अर्जदाराचाच असून त्याच्याशी या कार्यालयाचा काहीही संबंध नाही.’ वर गोल शिक्का मारला. मी तो कागद घरी उंच धरून आणला. आता फक्त प्रश्न तेवढा हवा होता.

त्यातच माझा घसा बसला. रोज दोन तास उत्तरं द्यायची, तीही निघून जाणाऱ्यांना ऐकू जावीत एवढ्या आवाजात, म्हटल्यावर दुसरं काय होणार? तोंडातून नुसती हवा निघू लागली. तरी लोक आले. मी गळ्याला मफलर गुंडाळून खुर्चीत बसलो आणि माना डोलावल्या. काकूंनी बाल्कनीचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सांगून झालं. मी मान डोलावली. काकू बसूनच. त्यांनी चादरीचं आणखी एकदा सांगितलं. चहा झाला. पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पदराशी चाळा केला. डॉक्टर आले तेही बसून राहिले. खोली भरत गेली, उठेना कुणी. शेवटी काकू कंटाळून म्हणाल्या, “भाऊ बोलायला लागले की येईन,” आणि ओढलेल्या चेहऱ्यानं गेल्या.

त्या संध्याकाळी लेक चपलांच्या कपाटावरून उतरली. चेहरा उजळलेला. “बाबा, मिळाला!”

“क्काय?” मी हवेतून विचारलं.

“आत्ता नाही सांगणार. तुम्ही उत्तर द्याल.”

मुलाखतीच्या दिवसापर्यंत ती हटली नाही. आम्ही दोघं बसनं गेलो. लांबच लांब ओसरीत बाकं होती आणि बाकांवर मुलं, त्यांच्या मांडीवर जाड फायली. एका मुलाच्या हातात क्लासचं ते पुस्तक होतं आणि तो मागची पानं पाठ करत होता. आमच्या लेकीच्या हातात रुमाल होता. मी तिला म्हणालो, “निदान बापाला तरी सांगून आत जा.” ती म्हणाली, “तुम्ही इथंच थांबा बरं का, कुठं जाऊ नका.” आणि आत गेली. दार लागलं. मला मामाच्या दुकानातला तो पंखा डोळ्यासमोर दिसू लागला.

बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि लेकीनं डोकं बाहेर काढलं. “बाबा, आत या जरा.”

आत तीन परीक्षक. मधोमध पिकल्या केसांच्या एक बाई, बाजूला कपाळावर चष्मा चढवलेले एक गृहस्थ आणि कोपऱ्यात एक तरुण प्राध्यापक. बाईंनी मला समोर बसवलं. मी शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या.

“तुमच्या मुलीचं म्हणणं आहे की मी तुम्हाला माझा एक प्रश्न सांगावा,” बाई म्हणाल्या.

“अवश्य,” मी म्हणालो. आवाज नुकताच परत आला होता. तोही अधीर होता.

बाई जरा घुटमळल्या. “म्हणजे, विशेष काही नाही. माझ्या खोलीची खिडकी लागत नाही. सहा अर्ज केले मी. वारा आला की सगळे कागद खाली. परवा तर वाकून गोळा करताना विद्यार्थी आत आला आणि मी टेबलाखाली. एवढी वर्षं शिकवतेय मी इथं, आणि साधी खिडकी…” बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. खिडकीपासून त्या आपल्या रिकाम्या घराकडे गेल्या, तिथून निवृत्तीकडे. कपाळावर चष्मा चढवलेल्या गृहस्थांनी तो खाली डोळ्यांवर घेतला.

“सोपं आहे,” मी म्हणालो. “आधी बिजागरी बघायची. ती जर वरची असेल तर…”

बाईंनी लांब श्वास सोडला, पेनाला टोपण लावलं, कागद नीट केले, खुर्ची मागे सारली आणि अर्ध्या उठल्या. उठता उठता थबकल्या. तशाच उभ्या राहून माझ्या मुलीकडे बघू लागल्या.

“बघा,” मुलगी म्हणाली.

तिघंही हसायला लागले. मला काही कळेना. बिजागरीत हसण्यासारखं काय आहे? मी आपला त्यांना मेणबत्ती घासण्याची युक्ती सांगत राहिलो.

“आणि ते गप्प होते तेव्हा?” तरुणानं तिला विचारलं. तो टेबलावर पार पुढे झुकला होता.

“तेव्हा कुणी उठेचना. सांगून झालं तरी बसून राहिले, आणि जाताना चेहरे आले तसेच. मला आधी वाटलं, लोकांना नुसतं बोलायचं असतं. पण नुसतं ऐकणारी आमची आई घरात होती, भिंत होती. तिकडे कुणी गेलं नाही. उत्तर कुणालाच नको असतं. पण मनापासून उत्तर देणारा माणूस समोर लागतो. त्यानं उत्तर द्यायला घेतलं की मगच यांना उठता येतं.” तिनं रुमाल मुठीत घट्ट धरला. “का? हे मला खरंच ठाऊक नाही.”

कपाळचष्मेवाले हळूच म्हणाले, “मलाही नाही.” आणि तिघं आपापसांत इतक्या हिरिरीनं भांडू लागले की आम्ही दोघं बाहेर आलो हेसुद्धा त्यांना कळलं नसावं.

ओसरीत मी दहा पावलं चाललो आणि थांबलो. “म्हणजे इतके दिवस माझं एक अक्षर कुणी ऐकलं नाही?”

“नाही, बाबा.”

“तीन उपाय सांगत होतो मी त्या काकूंना. तीन!”

“पण त्या रोज तुमच्याकडेच आल्या ना,” ती म्हणाली. “सेक्रेटरींकडे नाही गेल्या.”

मला रडू आलं की राग आला हे मी अजून ठरवलेलं नाही. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिलो. लेकीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झोपून गेली.

तिला घेतलं. पत्र आलं तेव्हा मामा योगायोगानं घरीच होता. त्यानं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “नुसत्या प्रश्नावर घेतली? उत्तर न देता?” त्याला ते अजूनही पटलेलं नाही. पण गल्ल्यावरच्या पंख्याखाली आता तो स्वतःच बसतो आणि गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगतो.

लेक वसतिगृहात राहायला गेली. बैठकीची खोली मोठी वाटायला लागली. मी बायकोला म्हणालो, “आता मी सुधारलो. तिचा फोन आला, काही प्रश्न सांगितला, की मी एक शब्द बोलणार नाही. नुसतं ऐकणार.” बायको म्हणाली, “बघूया.”

पहिल्याच आठवड्यात फोन आला. “बाबा, एक प्रश्न आलाय.”

मी श्वास रोखला. “हं.”

“किल्ली फिरतच नाहीये. खोलीचं कुलूप अडकलंय. मी बाहेर, सामान आत, आणि ओसरीत चिटपाखरू नाही.”

“हं.”

“बाबा?”

“हं. ऐकतोय मी. बोल तू.”

“अहो बाबा, हं काय! यावेळी मला उत्तर हवंय. खरोखर. उद्या सकाळी तास आहे माझा!”

मी फोन कानाशी घट्ट धरला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी खुर्चीत नीट बसलो, घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली: किल्ली पूर्ण आत घालायची, मग केसभर मागे ओढायची, मग दार अंगाकडे दाबून धरायचं, आणि हे असं का करायचं, कुलपाच्या आत काय असतं, ते बनवतात कसं. मी पुष्कळ वेळ बोललो. ती मध्येच उठून गेली नाही. जाणार कुठे? कुलूप उघडेपर्यंत तिला दुसरी जागाच नव्हती.